शिरोली ते कोडोली: पाच टाक्या ऑक्सिजन

पुण्याहून उजाडता उजाडता निघालो तेव्हा पिकअपमध्ये मी, चालक सलीमचाचा आणि खोक्यांत भरलेले चोवीस फ्लोमीटर एवढंच होतं. अकोल्याच्या घरच्यांना आणि मित्रांना आधी हे सांगते, कारण मलाही दोन आठवड्यांपूर्वी माहीत नव्हतं. फ्लोमीटर म्हणजे ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या तोंडावर बसवायचं यंत्र. एक तबकडी, शेजारी उभी पारदर्शक नळी, खाली पाण्याची बाटली. नळीत एक गोळी वरखाली होते आणि मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन चाललाय तो आकडा दिसतो. हे नसेल तर भरलेला सिलिंडर म्हणजे कोपऱ्यात उभा केलेला लोखंडी खांब. कोविडच्या दुसऱ्या लाटेच्या त्या मे महिन्यात हा मीटर बाजारात कुठे मिळत नव्हता. पुण्यातल्या आमच्या कार्यकर्त्यांच्या गटाने वर्गणी काढून, दहा जणांच्या ओळखी वापरून ते मिळवले. त्याआधी आम्ही लोकांना फक्त कागद दिले होते. पत्रकं लिहायची, छापायची, चौकात वाटायची. ऑक्सिजनवर माझी तीन पत्रकं झाली होती. त्यातलं एकही नाकाला लावता येत नाही, हे कुणीतरी बैठकीत म्हणालं आणि मग ही वर्गणी सुरू झाली.

हायवे मोकळा होता. साताऱ्यापर्यंत रुग्णवाहिका मोजत होते, नंतर सोडून दिलं. वारणा ओलांडली की कोल्हापूर जिल्हा. पुलापुढे पोलिसांनी बांबू आडवा लावला होता. एक हवालदार पास बघायला खिडकीशी आला.

‘पावणं, कुणीकडं?’

मी म्हटलं, ‘कोडोलीला. ऑक्सिजनचे मीटर आहेत.’

‘आणि ऑक्सिजन कुठं हाय?’

‘तो शिरोलीत भरून घ्यायचाय.’

‘म्हंजे नळ घेऊन चाललाय आणि पाणी तिकडं हाय.’ त्याने बांबू उचलला. ‘जावा. वाटंत च्या मिळणार न्हाय कुठं, आधीच सांगून ठेवतो.’

पुढे उजव्या हाताला जोतिबाचा डोंगर दिसायला लागला. त्याच्यामागे पन्हाळ्याची सपाट रेघ. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, कंबरेएवढा, इतका हिरवा की विदर्भातून आलेल्या माणसाला मे महिन्यात तो खोटा वाटतो. वाठारला कोडोलीचा फाटा मागे टाकून आम्ही सरळ शिरोलीकडे गेलो. बेत साधा होता. कोडोलीच्या हायस्कुलात गावकऱ्यांनी बारा खाटांचं कोविड सेंटर चालवलं होतं. शिरोली एमआयडीसीतल्या बापू लोहार नावाच्या कारखानदाराने त्याला सहा टाक्या दिल्या होत्या. (इकडे सिलिंडरला सगळे टाकीच म्हणतात.) त्या एकदा भरून गेल्या, वापरून संपल्या, पुन्हा भरायला आल्या होत्या. आम्ही त्या भरून घ्यायच्या, कोडोलीला पोचवायच्या आणि मीटर बसवून द्यायचे.

शिरोलीत दहाला पोचलो. एरवी इथे भट्ट्यांचा धूर असतो म्हणतात. त्या दिवशी शेड बंद, दारांना कुलपं, आणि जागोजाग ओतकामाच्या काळ्या वाळूचे ढीग. कारखान्यांचा ऑक्सिजन बंद करून तो सगळा दवाखान्यांकडे वळवला होता, त्यामुळे लोखंड कापणारे घरी बसले होते. गर्दी एकाच ठिकाणी, गॅस भरायच्या प्लांटवर. टेम्पो, रुग्णवाहिका, ट्रॅक्टरची ट्रॉली. एका माणसाने मोटारसायकलच्या मागच्या सीटवर टाकी लुगड्याने बांधून आणली होती आणि तो गाडीवरून उतरत नव्हता, उतरला तर तोल जाईल म्हणून.

त्या रांगेत सहा टाक्या लांबूनच उठून दिसत होत्या. बाकी सगळ्या काळ्या अंगाच्या, खरचटलेल्या. या सहा पांढऱ्याशुभ्र, तेलरंगाने नव्याने रंगवलेल्या, आणि प्रत्येकीवर लाल अक्षरांत, ठळक: ‘कै. सौ. मालन बापू लोहार यांच्या स्मरणार्थ. लोहार परिवार, शिरोली.’

ही इकडची रीतच आहे. देवळातला पंखा असो, बसथांब्याचं बाकडं असो, शाळेची पाण्याची टाकी असो, देणाऱ्याचं नाव रंगवल्याशिवाय वस्तू दिली असं कुणाला वाटत नाही. पंख्याच्या तर तिन्ही पात्यांवर नाव असतं आणि पंखा बंद असेल तेव्हाच ते वाचता येतं.

बापू लोहार टाक्यांशेजारी उभे होते. साठीचे, बुटके, अर्ध्या बाहीचा शर्ट, हातांवर ठिणग्यांनी भाजल्याचे बारीक काळे डाग. त्यांचं फेटलिंगचं शेड आहे. (फेटलिंग म्हणजे साच्यातून निघालेल्या ओतीव भागांच्या कडा घासून, कापून साफ करणं.) मी माझं नाव सांगितलं. ते ‘या’ म्हणाले आणि पुन्हा रांगेकडे बघायला लागले.

साडेदहाला कोडोलीहून फोन आला. सेंटरच्या वैशाली सिस्टर. आवाजात घाई नव्हती, म्हणून मी जास्त घाबरले.

‘ताई, हितं दोनच टाक्या चालू हैत. चारपर्यंत पुरतील. कांबळे गुरुजींची लेवल चौऱ्याऐंशीवर आलीया, त्यांचा ऑक्सिजन एक मिनिट बंद करून चालायचं न्हाय. तुम्ही चारच्या आत या.’

मी हो म्हटलं. अकराच्या सुमारास आमचा नंबर आला. प्लांटचे सुपरवायझर मुजावर टाक्यांपाशी आले, एकीभोवती फिरले, मानेवर अंगठा घासून पाहिला आणि म्हणाले, ‘ह्या भरायच्या न्हाईत.’

‘का?’ मी विचारलं.

‘अंग काळं, मान पांढरी. दवाखान्याच्या ऑक्सिजनची ती खूण हाय. ह्यांनी सगळंच पांढरं केलंय. आत काय हाय मला कसं कळायचं? आणि हितं मानंवर नंबर आणि तपासणीची तारीख ठोकलेली असत्या. ती रंगाखाली गेली. बापू, तुम्ही ह्या धंद्यातलं असून असं केलासा?’

बापू म्हणाले, ‘पेंटर म्हटला काळ्यावर लाल उठत न्हाय. म्हणून आधी पांढरा मारला.’

मग मी बोलले. सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलले, पत्रकातली भाषा तोंडात तयारच होती. तिकडे माणूस श्वासासाठी तडफडतोय आणि इकडे तुम्हाला नावं रंगवायची पडलीत. दान करताय की जाहिरात? तुमचं नाव वाचायला तरी पेशंट जिवंत राहायला नको का? दोनचार जण हसले. मोटारसायकलवाला हसला नाही, त्याचा तोल जात होता.

बापूंनी सगळं ऐकून घेतलं. ‘चुकलं,’ ते म्हणाले. ‘पण नाव माझं न्हवं ते, ताई. मालकिणीचं हाय. अठरा दिवस झालं तिला जाऊन.’

मी माफी मागितली नाही. आजही लिहिताना मला वाटतं की मी म्हणाले ते बरोबर होतं आणि ज्याला म्हणाले तो माणूस चुकीचा होता. त्या क्षणी एवढा विचार करायला वेळ नव्हता. मुजावर म्हणाले, रंग काढून आणा, नंबर दिसू दे, मी मधेच घेतो. आणि थिनर लावू नका. ऑक्सिजनच्या टाकीला तेल नको, ग्रीस नको, थिनर नको. भडका उडतो.

बापूंचं शेड तीन गल्ल्या सोडून. सलीमचाचांनी टाक्या तिथे नेल्या. बापूंनी फोन करून चार कामगार बोलावले, ते आसपासच राहणारे, दहा मिनिटांत आले. टाकी तिरकी करून बुडाच्या कडेवर गोल फिरवत नेतात हे मी तिथे शिकले. पहिल्या प्रयत्नात माझा पाय थोडक्यात वाचला.

पॉलिश पेपर, पत्र्याच्या पट्ट्या आणि तारेचे ब्रश घेऊन आम्ही सात जण सहा टाक्यांना भिडलो. रंग दोन दिवसांचा, वरून सुकलेला आणि आतून ओला. तो पावडर होऊन निघत नव्हता, डिंकासारखा गोळा होऊन पेपराला चिकटत होता. वीतभर जागेला पाच मिनिटं. बारा वाजले तेव्हा एकीचंही अंग मोकळं झालं नव्हतं.

शंकर नावाचा कामगार वैतागला. फेटलिंगवाल्याच्या हाताला एकच सवय, नको ते दिसलं की ग्राइंडर लावायचा. त्याने कोपऱ्यातला हँड ग्राइंडर ओढला आणि टाकीच्या मानेवर टेकवला.

‘आरं काढ, काढ,’ बापू ओरडले.

त्याने काढला. तीन सेकंदही झाले नसतील. रंग गेला होता, मान लखलखत होती, आणि ठोकलेल्या नंबरातले शेवटचे दोन आकडे तारखेसकट साफ झाले होते.

‘झकास फिनिशिंग दिलंस,’ दुसरा कामगार म्हणाला. शंकरने ग्राइंडरची वायर काढली, गुंडाळली आणि पुन्हा पट्टी घेऊन बसला.

बापूंच्या घरून भाकरी आली, सोबत खर्डा (हिरव्या मिरचीचा भरड ठेचा) आणि दही. मी म्हटलं, वेळ नाही. बापू म्हणाले, ‘हात थांबवू नका. एका हातानं खावा, एका हातानं घासा.’ तसंच केलं. खर्ड्याने डोळ्यांतून पाणी आलं ते कोपराने पुसलं. तिखट लागलं का, कुणी विचारलं. विदर्भातली आहे, मी म्हटलं. मग त्यांनी आणखी वाढला.

एव्हाना एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. प्रत्येक जण आपापल्या टाकीचा वरचा, खालचा, मागचा रंग काढत होता आणि नावाची ओळ तेवढी सोडत होता. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. बापू एकेका टाकीपाशी येत, ती ओळ घासत आणि पुढच्या टाकीकडे जात. माझ्या टाकीपाशी आले तेव्हा मी सरकून जागा दिली. घासता घासता ते बोलले. आवाज मजुराला कामाचं सांगावं तसा.

‘चार दवाखानं फिरलो. पाचव्यात खाट मिळाली. म्हटलं, सुटलो. डॉक्टर म्हणालं, खाट हाय, ऑक्सिजन सांजच्याला येतोय. सांजच्याला आला बी. ती दुपारीच गेली.’ त्यांनी पेपर उलटा केला. ‘तवा ह्या सहाच्या सहा हितं, ह्या कोपऱ्यात उभ्या हुत्या. भरलेल्या. लोखंड कापायला. मला ठावंच न्हवतं. साफ करून, मीटर बदलून ह्याच माणसाला लावत्यात म्हणून. मुजावरांनी नंतर सांगितलं.’

‘कुणी आधी सांगितलं नाही?’ मी विचारलं.

‘कोण सांगणार? नोटीस आली ती एकच, कापकाम बंद करा म्हणून.’

तीन पत्रकं लिहिली होती मी. ‘ऑक्सिजन हा हक्क आहे’ हे तिन्हीत होतं. कारखान्यातली टाकी दवाखान्याला चालते का, चालवायची तर काय करायचं, कुणाला फोन करायचा, हे एकातही नव्हतं.

दोनला टाक्या परत प्लांटवर. आता त्या कुठे काळ्या, कुठे पांढरट, खरजेने भरलेल्या जनावरासारख्या दिसत होत्या. पण मान पांढरी, अंग काळं, नंबर वाचता येत होता. मुजावरांनी पाच घेतल्या. सहावीला हात लावला नाही.

मी विनवलं. म्हटलं, बारा पेशंट आहेत, एक टाकी म्हणजे एका माणसाची रात्र.

‘मला कळतंय,’ मुजावर म्हणाले. ‘पण ही कधी तपासली ते मला दिसंना. भरताना फुटली तर पत्रक तुम्ही काढणार, ताई. मरणार आम्ही.’

‘बरोबर हाय त्यांचं,’ बापू म्हणाले आणि सहावी टाकी त्यांनी स्वतः बाजूला फिरवत नेली.

भरून व्हायला पावणेतीन झाले. पाचही टाक्या पिकअपमध्ये उभ्या करून दोराने आवळल्या. बापू आले नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या भरणीसाठी आतापासून रांग लागली होती आणि त्यांना त्यात जागा धरायची होती. निघताना सलीमचाचांना एवढंच म्हणाले, ‘चालवा सावकाश. पण उशीर करू नका.’

‘दोन्ही जमवतो,’ चाचा म्हणाले.

वाठारला डावीकडे वळलो. तिथून रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना ऊस अंगावर आलेला, आणि दर वस्तीला गतिरोधक. लॉकडाउनमध्ये गाड्या नव्हत्या तरी गतिरोधक होतेच. प्रत्येकावर टाक्या एकमेकींना लागून घंटेसारख्या वाजायच्या आणि चाचा दात आवळायचे. सवातीनला वैशाली सिस्टरांचा फोन. कुठवर आलासा. मी गावाचं नाव वाचून सांगितलं. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि फोन ठेवला नाही, तसाच चालू ठेवला. पलीकडून कुणाचातरी खोकला ऐकू येत राहिला.

कोडोलीच्या हायस्कुलाच्या फाटकात चारला वीस मिनिटं कमी असताना शिरलो. व्हरांड्यात एक बाई उभी होती, कांबळे गुरुजींची बायको सुमन. आत जायला परवानगी नाही म्हणून ती दिवसभर वर्गाच्या खिडकीखाली उभी असायची. तिने टाक्या बघितल्या आणि खिडकीतून आत सांगितलं, ‘आलं बघा.’

वैशाली सिस्टर माझ्याच वयाच्या. पीपीई किटमध्ये घामाने निथळत होत्या. ‘मी मीटर लावतो, तुम्ही टाकी धरा,’ म्हणाल्या. (इथल्या मुली स्वतःला ‘मी आलो, मी लावतो’ असंच म्हणतात. ऐकायला मला फार आवडलं.) गुरुजी भिंतीकडच्या खाटेवर पालथे झोपले होते. चाळिशीचे असतील, पाठ भात्यासारखी हलत होती. समोरच्या फळ्यावर खडूने भागाकार मांडला होता: टाकीतला दाब, मिनिटाचे लिटर, उरलेली मिनिटं.

‘त्यांनीच काढलाय,’ सिस्टर म्हणाल्या. ‘गणित शिकवत्यात, ह्याच वर्गात. सकाळी बोटांनी खुणा केल्या, मी लिवत गेलो. चारपर्यंत पुरंल ते त्यांचंच उत्तर.’

म्हणजे तो माणूस दिवसभर आपला आकडा समोर ठेवून श्वास घेत होता.

मी खोक्यातून मीटर काढून दिला. त्यांनी पान्याने आवळला, टाकी उघडली, नळीकडे बघितलं आणि थांबल्या.

‘ह्यावर काय चिकटवलंय हे? आकडं झाकल्यात की. किती सोडलाय कळंना झालंय.’

नळीवर आमचा स्टिकर होता. गोल, लाल, गटाच्या नावाचा. आदल्या संध्याकाळी चोवीसच्या चोवीस मीच चिकटवले होते, जिथे गुळगुळीत जागा दिसली तिथे.

‘आम्हीच लावलाय,’ मी म्हटलं.

‘बरं. काढा मग. जुनी टाकी संपत आलीया.’

मी नखाने खरवडायला लागले. नखांत बापूंच्या टाकीचा पांढरा आणि लाल रंग भरलेला होता. वरचा कागद निघाला, खालचा डिंक राहिला. मी स्पिरिटच्या बाटलीकडे हात नेला तर सिस्टरांनी तो झटकला. ‘हितं न्हाय. ऑक्सिजन चालू हाय.’ पुन्हा नख. पाच, सहा, आठ, दहा. आकडे एकेक करून उघडे झाले. सिस्टरांनी गोळी दहावर आणली, मास्कची नळी जुन्या टाकीवरून काढून नव्या मीटरला जोडली. मधे गेलेले दोनतीन सेकंद मी त्या पाठीकडे बघत होते.

बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा आधी ऐंशीवर उतरला. मग त्र्याऐंशी. मग बराच वेळ काहीच नाही. मग सत्त्याऐंशी. अर्ध्या तासाने एक्क्याण्णव. सिस्टरांनी खिडकीकडे बघून मान हलवली आणि बाहेर सुमनताई पहिल्यांदा खाली बसल्या.

थोड्या वेळाने गुरुजींनी हात वर करून बोटांनी काहीतरी विचारलं. मला समजेना. सिस्टरांना समजलं. त्यांनी तबकडीवरचा दाब मोठ्याने सांगितला, फळा पुसला आणि खडू घेऊन नवा भागाकार मांडायला उभ्या राहिल्या.

उरलेल्या तेवीस मीटरांवरचे स्टिकर मी व्हरांड्यात बसून काढले. सुमनताईंनी चहा आणून दिला आणि विचारलं, खराब हैत का? मी म्हटलं, नाही, चांगले आहेत.

रात्री कोडोलीतच राहिलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, तोवर रिकाम्या झालेल्या टाक्या घेऊन शिरोलीला गेलो. बापू रांगेतच होते, पुढून चौथे. शर्ट कालचाच. त्यांनी टाक्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘माणूस हाय न्हवं?’

‘आहे.’

‘मग उतरवा. दहा वाजता नंबर लागंल.’ त्यांनी भडंगाची (मसाला लावलेल्या चुरमुऱ्यांची) एक मोठी पिशवी सलीमचाचांच्या सीटवर ठेवली. मी बोलायला तोंड उघडलं, तर ते टाकी तिरकी करून पुढे फिरवत गेले होते.

परतीच्या वाटेवर भडंग खात मी चौथं पत्रक मनात लिहीत होते. राग गेला नव्हता. तो कुणावर काढायचा ते बदललं होतं. दात्यांना झोडपणारं पत्रक मला सहज लिहिता आलं असतं, टाळ्याही पडल्या असत्या. पण एका शेडात सहा टाक्या भरलेल्या उभ्या राहतात, त्याच घरातली बाई ऑक्सिजनवाचून जाते, आणि या दोन गोष्टी एकमेकींना सांगणं ज्यांचं काम आहे, त्यांनी पाठवलेली नोटीस फक्त कापकाम बंद करायला सांगते. यात बापू लोहारांचा रंग किती आणि व्यवस्थेचा किती, हे लिहायला हवं होतं. शिवाय दाता म्हणून आम्हीही काही वेगळे नव्हतो. आमचा स्टिकर लहान होता एवढंच.

अकोल्यात कुणाकडे टाकी असेल, गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या दुकानात, तर आजच सांगा. तपासून, साफ करून ती दवाखान्याला चालते. तिच्यावर काही लिहू नका. आणि दिल्यावर घरी जाऊन बसू नका, कचेरीत जा आणि विचारा की माझ्याकडे टाकी होती हे तुम्हाला माहीत का नव्हतं.

आठवड्याभराने वैशाली सिस्टरांचा फोन आला. गुरुजी घरी गेले होते. चालत गेले, फळा स्वतः पुसून गेले. मी लगेच बापूंना कळवलं. पलीकडे प्लांटचा आवाज येत होता.

‘गेलं का घरी? बरं झालं,’ ते म्हणाले. ‘मग ती टाकी मोकळी झाली न्हवं? दुसऱ्या कुणाला लावली का इचारा.’